शुल्क शून्य, नाका मात्र उभाच: ब्रेक्झिट आणि ब्रिटिश शेतकऱ्याचा हिशेब

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या आणि नाशिकच्या द्राक्षापासून कोकणच्या हापूसपर्यंत सगळ्यांच्या निर्यातीची गणितं मोबाइलवर फिरू लागली. त्या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. ब्रिटन युरोपीय संघात असता, तर हा करार त्याला करताच आला नसता. संघातल्या देशाला बाहेरच्या देशाशी स्वतंत्र व्यापार करार करायची मुभा नसते. ते काम सगळ्यांच्या वतीने ब्रसेल्समधून, म्हणजे संघाच्या मुख्यालयातून होतं. ही मुभा परत मिळवायला ब्रिटनने काय सोडलं, ते तिथल्या शेतकऱ्याच्या वहीत स्पष्ट दिसतं.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला आणि व्यापार नव्या नियमांनी सुरू झाला १ जानेवारी २०२१ ला. मधल्या काळात शेतकऱ्यांच्या बैठकांत वाद झडला तो मुख्यतः एकाच प्रश्नावर: युरोप आपल्या मालावर किती आयातशुल्क लावेल? प्रश्न रास्त होता, पण अपुरा होता. शुल्क अखेर शून्यच राहिलं आणि तरीही बरंच काही बदललं.

संघात असणं म्हणजे नेमकं काय?

शेतीपुरत्या तीन गोष्टी. पहिली, कस्टम्स युनियन: सदस्य देशांत आपापसात शुल्क नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचं शुल्क एकच. दुसरी, सामायिक बाजारपेठ: कत्तलखान्याची स्वच्छता, औषधांच्या अंशाची मर्यादा, लेबल, जनावरांची वाहतूक या सगळ्यांचे नियम एकच, म्हणून एका देशात पास झालेला माल दुसऱ्या देशात पुन्हा तपासायची गरज नाही. तिसरी, सामायिक कृषी धोरण: शेतकऱ्याला मिळणारं अनुदान संघाच्या तिजोरीतून, संघाच्या नियमांनी.

पहिल्या दोन गोष्टींतला फरक नीट कळला की पुढचं सोपं आहे. मुंबईत १ जुलै २०१७ पर्यंत जकात होती. मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर ज्या गाडीला जकात लागत नसे, तिलाही कागद दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. रांग सगळ्यांना सारखीच. कस्टम्स युनियनमुळे जकात जाते, पण नाका हटायला सामायिक बाजारपेठही लागते. २४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि युरोप यांच्यात जो करार ठरला, त्यात शुल्क आणि कोटा दोन्ही शून्य झाले. नाका मात्र परत उभा राहिला.

शुल्काची भीती इतकी का होती?

मेंढीवाल्यांची भीती आकड्यांनी बघू. ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या कोकराच्या मांसापैकी साधारण एक तृतीयांश निर्यात होतं आणि त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त युरोपात जातं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फ्रान्स. करार झाला नसता तर जागतिक व्यापार संघटनेच्या चौकटीतला युरोपचा सर्वसाधारण दर लागला असता: किमतीच्या १२.८ टक्के, अधिक दर १०० किलोमागे १७१.३ युरो.

समजा २० किलोचं सोललेलं अख्खं कोकरू आहे आणि भाव किलोला ६ युरो. किंमत झाली १२० युरो. त्यावर १२.८ टक्के म्हणजे १५ युरोंच्या वर आणि वजनावरचे ३४ युरो. एकूण जवळपास ५० युरो, म्हणजे किमतीच्या ४० टक्क्यांच्या पुढे. एवढा बोजा चढवून फ्रान्समध्ये माल खपणार नाही आणि तो सगळा देशातच राहिला तर देशातला भावही पडणार. २०१९ मध्ये कराराविना बाहेर पडायची वेळ आली तेव्हा वेल्सचे मेंढपाळ हवालदिल झाले होते ते उगाच नाही.

"मग आपलं आपणच खा की, निर्यात-आयात हवीच कशाला?"

हा प्रश्न ब्रिटनमध्येही वारंवार विचारला गेला. अडचण मोसमाची आणि तुकड्यांची आहे. ब्रिटनमध्ये कोकरं जन्मतात मुख्यतः वसंतात, त्यामुळे विक्रीला येतात उन्हाळ्याअखेर ते हिवाळ्यात. ईस्टरच्या सुमाराला, जेव्हा घरोघर कोकराची तंगडी भाजली जाते, तेव्हा स्थानिक ताजा माल कमी असतो. ती जागा न्यूझीलंडचा माल भरतो, कारण तिथे तेव्हा हंगाम असतो. शिवाय ब्रिटिश गिऱ्हाइकाला तंगडी हवी असते, पण कोकराला मागच्या तंगड्या दोनच. बाकीच्या मांसाला आणि डोंगराळ भागातल्या लहान, हलक्या कोकरांना चांगला भाव दक्षिण युरोपात मिळतो. म्हणून एकच देश एकाच वेळी कोकराचं मांस विकतोही आणि विकत घेतोही.

शुल्क शून्य, मग तक्रार कशाची?

वेल्समधून पॅरिसजवळच्या रुंजिस घाऊक बाजाराला जाणारी मांसाची गाडी घ्या. २०२० पर्यंत माल भरायचा, पावती लावायची आणि रात्रीतून इंग्लिश खाडी ओलांडून पहाटेच्या बाजाराला पोचायचं. आता काय लागतं ते पाहा.

सुरुवात शेतावरच होते. गेल्या वर्षभरात पशुवैद्य गोठ्यावर येऊन गेला होता याचा दाखला शेतकऱ्याकडे असावा लागतो आणि त्याचा क्रमांक जनावरांबरोबर कत्तलखान्यात जावा लागतो. तो नसेल तर त्या जनावराचं मांस युरोपासाठी बाद. पुढे प्रत्येक खेपेला निर्यात आरोग्य प्रमाणपत्र. त्यावर सही चालते ती सरकारमान्य पशुवैद्याचीच आणि ती फुकट नसते. माल ज्या देशातून युरोपात शिरणार, त्या देशाच्या भाषेतही ते प्रमाणपत्र लागतं. सही आणि शिक्का छापील मजकुरापेक्षा वेगळ्या रंगात हवा. खोडलेल्या भागावर शिक्का आणि आद्याक्षरं हवीत. वेगळी कस्टम्सची घोषणा. शून्य शुल्क हवं असेल तर माल ब्रिटनमध्येच तयार झाल्याचं उत्पत्ती विधान. तिकडच्या आयातदाराने युरोपच्या संगणक प्रणालीत आगाऊ सूचना देऊन ठेवायची. मग गाडी शिरणार ती ठरवून दिलेल्या तपासणी चौकीतूनच. कागद प्रत्येक खेपेचे बघतात आणि काही खेपा उघडूनही बघतात.

मोठ्या कंपनीने याच्यासाठी माणसं नेमली. एकाच मालाने भरलेला पूर्ण ट्रक असेल तर खर्च किलोमागे वाटला जातो. फटका बसला तो लहान निर्यातदाराला, जो पाच-सहा जणांचा माल एका गाडीत घालून पाठवायचा. त्यातल्या एकाच्या प्रमाणपत्रात पानाचा क्रमांक चुकला, तरी अडकते अख्खी गाडी. ताज्या मांसाला एक दिवस उशीर म्हणजे विकण्याच्या दिवसांतला एक दिवस कमी आणि भावात सरळ तूट.

काही माल तर कागद असूनही जाईना. युरोपच्या नियमात त्रयस्थ देशाकडून ताजा, न गोठवलेला खिमा आणि कच्चे सॉसेज घेण्याची सोय नाही. स्कॉटलंडचं बटाट्याचं बेणं युरोपात नावाजलेलं, त्याला १ जानेवारी २०२१ पासून दार बंद झालं. हे नियम युरोपने ब्रिटनला शिक्षा म्हणून केलेले नव्हते. बाहेरच्या देशांसाठी ते आधीपासूनच होते आणि करताना ब्रिटनही आत बसलेला होता. या वेळी तो दाराच्या दुसऱ्या बाजूला होता, एवढंच.

उलट दिशेचा प्रकार अधिकच चीड आणणारा. युरोपातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या मालाची तपासणी सरकारने पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. आरोग्य प्रमाणपत्रं सक्तीची झाली ३१ जानेवारी २०२४ ला आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ ला. तीन वर्षं ब्रिटिश शेतकरी नाक्यावर रांगेत आणि त्याचा युरोपीय प्रतिस्पर्धी मोकळ्या रस्त्याने आत. कागदोपत्री समान असलेला करार असा एकतर्फी चालला.

सगळ्या शेतकऱ्यांचं हित एकच नव्हतं

बातम्यांत 'ब्रिटिश शेतकरी' असा एकच माणूस असतो. प्रत्यक्षात, देशाला जे पीक पुरून उरतं ते पिकवणारा आणि जे कमी पडतं ते पिकवणारा, यांचं हित उलट दिशांना असतं. कोकरू निर्यात होतं, म्हणून मेंढीवाल्याला युरोपचं दार उघडं हवं. गोमांस, डुकराचं मांस आणि चीज यांची ब्रिटनला आयात करावी लागते. युरोपच्या मालावर शुल्क लागलं असतं तर कागदावर तरी या शेतकऱ्यांचा भाव वाढला असता. पण त्यात अट अशी की ग्राहकाला महाग पडू नये म्हणून सरकारने स्वतःच शुल्क काढून टाकता कामा नये. मार्च २०१९ मध्ये सरकारने कराराविना बाहेर पडण्याची जी योजना जाहीर केली, तिच्यात बहुतेक आयात शुल्कमुक्तच ठेवली होती. डाळीचा भाव चढला की आयातशुल्काचं काय होतं हे ज्यांनी आपल्याकडे पाहिलंय, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

साखरेचं उदाहरण आपल्याला जवळचं. ब्रिटनमध्ये साखर दोन वाटांनी बनते. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफक, सफक भागात शुगर बीट हे साखरेचं कंदपीक पिकतं आणि ते सगळं ब्रिटिश शुगर या एकाच कंपनीच्या चार कारखान्यांत जातं. दुसरीकडे लंडनमध्ये टेट अँड लाइल शुगर्सचा कारखाना बाहेरून आलेली उसाची कच्ची साखर शुद्ध करतो. युरोप बीटवाल्यांना जपायचा आणि कच्च्या साखरेवर भारी शुल्क लावायचा, म्हणून टेट अँड लाइल शुगर्सने बाहेर पडण्याला उघड पाठिंबा दिला. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने वर्षाला २ लाख ६० हजार टन कच्ची साखर शुल्काविना आत येऊ दिली. साखर तीच, निर्णय एकच; रिफायनरी खूश, बीटवाला नाराज.

उत्पत्तीच्या नियमाने गव्हाच्या पिठातही खोट काढली. ब्रिटिश गिरण्या चांगल्या पावासाठी कॅनडाचा कडक गहू मिसळतात. पिठात बाहेरच्या गव्हाचं वजन १५ टक्क्यांहून जास्त असेल, तर युरोपच्या लेखी ते ब्रिटिश पीठ नाही आणि आयर्लंडला पाठवताना टनामागे १७२ युरो शुल्क लागतं. 'शून्य शुल्क' हे असं अटी घालून मिळालेलं आहे.

"पण शेतकऱ्यांनीच तर बाहेर पडायला मत दिलं होतं!"

सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी दिलं. 'फार्मर्स वीकली' साप्ताहिकाच्या एप्रिल २०१६ च्या पाहणीत ५८ टक्के शेतकऱ्यांचा कल बाहेर पडण्याकडे होता. त्याच महिन्यात त्यांच्या मोठ्या संघटनेने, नॅशनल फार्मर्स युनियनने, संघात राहणंच शेतीच्या हिताचं असा ठराव केला होता. म्हणजे पुढारी एकीकडे आणि बांधावरचा माणूस दुसरीकडे.

त्या माणसाला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण त्याची चीड खरी होती. २०१५ पासून युरोपचा नियम असा की ३० हेक्टरपेक्षा जास्त लागवडीखालची जमीन असेल तर किमान तीन पिकं घेतलीच पाहिजेत. हवामान आणि जमीन गवताला किंवा एकाच धान्याला साजेशी असली, तरी अनुदानासाठी तिसरं पीक कुठेतरी कोपऱ्यात पेरायचं, मोजणीत चूक निघाली की दंड. हा नियम इंग्लंडने २०२१ मध्ये काढून टाकला आणि त्याबद्दल कुणी अश्रू ढाळले नाहीत.

मतदानानंतर लगेच घडलं ते गमतीचं. अनुदान ठरायचं युरोत आणि सप्टेंबर महिन्याच्या सरासरी दराने पौंडात मिळायचं. सार्वमतानंतर पौंड घसरला. २०१५ मध्ये एका युरोचे ७३ पेन्स होत होते, २०१६ मध्ये ८५ झाले. तेवढ्यावरच अनुदान सहाव्या हिश्श्याने वाढलं. निर्यातीलाही घसरलेला पौंड सोयीचा पडला. पुढचं चित्र दिसायला वेळ लागला.

अनुदानाचं पुढे काय झालं?

संघात असताना इंग्लंडमध्ये हेक्टरी सुमारे २३३ पौंड मिळत, जमीन कसत असल्याबद्दल. १०० हेक्टरच्या, म्हणजे अडीचशे एकरांच्या शेताला वर्षाला २३,३०० पौंड. डोंगरावरच्या मेंढीवाल्याचा वर्षाचा नफा अनेकदा या रकमेपेक्षाही कमी असे. याचा अर्थ अनुदान काढलं तर धंदा तोट्यात. २०२१ पासून ही रक्कम टप्प्याटप्प्याने कापली गेली. २०२५ मध्ये पहिल्या ३०,००० पौंडांवर ७६ टक्के कपात आणि त्यावरचं सगळं शून्य. आपल्या उदाहरणातल्या शेताला उरले ५,५९२ पौंड. कितीही मोठा जमीनदार असो, ७,२०० पौंडांच्या वर काही नाही.

बदल्यात नवा विचार आला: पैसा जमिनीसाठी नाही, जनतेच्या उपयोगाच्या कामासाठी द्यायचा. बांधावर झुडपांचं कुंपण, मातीची निगा, फुलपाखरांसाठी पट्टा. विचार चांगलाच आहे. मात्र ११ मार्च २०२५ ला इंग्लंडमधल्या या योजनेचे नवे अर्ज अचानक बंद झाले आणि जुनं अनुदान संपत आलेलं असताना नव्याच्या दारात कित्येक जण ताटकळत राहिले. वेल्स आणि स्कॉटलंडची धोरणं वेगळी आहेत, त्यात इथे शिरत नाही.

मजुरांचा प्रश्न

स्ट्रॉबेरी तोडायला, कोबी काढायला पूर्वी रोमानिया-बल्गेरियातून माणसं येत. त्यांना व्हिसा लागत नसे. आता सहा महिन्यांचा हंगामी व्हिसा लागतो आणि मजूर किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानातून येतात. व्हिसांची संख्या २०१९ च्या प्रायोगिक योजनेत २,५०० होती, ती काही वर्षांतच ४५,००० च्या घरात नेण्यापलीकडे सरकारला इलाज राहिला नाही. २०२१ च्या शरदात कत्तलखान्यांत खाटीक मिळेनात म्हणून वजनाने तयार झालेली हजारो निरोगी डुकरं शेतावरच मारून टाकावी लागली. कोविडचाही त्यात हात होता, पण पूर्वीसारखा पोलंडमधून माणूस आणायची सोय राहिली नव्हती.

स्वतःचे करार: फायदा कोणाचा?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडबरोबरचे करार ३१ मे २०२३ ला लागू झाले. ऑस्ट्रेलियाला शुल्काविना गोमांसाचा कोटा पहिल्या वर्षी ३५,००० टन, दहाव्या वर्षी १,१०,००० टन. मेंढीच्या मांसाचा २५,००० पासून ७५,००० टन. करारावेळी पर्यावरण आणि अन्न खात्याचे मंत्री असलेले जॉर्ज युस्टिस यांनी मंत्रिपद गेल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, संसदेत सांगून टाकलं की ऑस्ट्रेलियाचा करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नाही. युस्टिस बाहेर पडण्याच्या बाजूचे होते, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन.

भीती होती तसा ऑस्ट्रेलियन मांसाचा लोंढा लगेच आला नाही. कोकराचे भाव तर २०२४ च्या वसंतात विक्रमी पातळीला गेले, कारण मेंढ्यांचे कळपच आटले होते. माझ्या मते त्यावरून निर्धास्त होणं धोक्याचं आहे. कोटा म्हणजे उघडून ठेवलेलं दार. चीनने मागणी कमी केली की माल तिथून वळून कुठे जाईल हे उघड आहे.

दणका बसला तो अनपेक्षित दिशेने. मे २०२५ च्या अमेरिकेबरोबरच्या तडजोडीत ब्रिटनने वर्षाला १४० कोटी लिटर इथेनॉल शुल्काविना घ्यायचं कबूल केलं. हल शहराजवळचा विव्हर्गो हा गव्हापासून इथेनॉल बनवणारा मोठा प्रकल्प ऑगस्टमध्ये बंद झाला. पूर्ण क्षमतेने चालला की तो वर्षाला सुमारे दहा लाख टन हलका गहू उचलायचा. यॉर्कशरच्या गहूवाल्याचं गिऱ्हाईक एका सहीने गेलं.

"निदान नियम तरी आपले झाले!"

झाले, पण किंमत मोजून. बीटवर मावा विषाणू पसरवतो, त्याला रोखणारं थायमेथोक्झाम या कीटकनाशकाचं बियाणं-लेपन युरोपने मधमाश्यांसाठी उघड्या शेतात बंद केलं. ब्रिटनने २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये तातडीची परवानगी दिली, २०२५ मध्ये नाकारली. म्हणजे लंडनचा निर्णयही ब्रसेल्सच्या वाटेने गेला.

१९ मे २०२५ ला ब्रिटन आणि युरोप यांनी अन्न आणि पशुआरोग्याच्या नियमांवर नवा करार करायचं ठरवलं. त्याचा गाभा असा: युरोप नियम बदलेल तसे ब्रिटननेही बदलायचे आणि त्या बदल्यात बहुतेक प्रमाणपत्रं आणि तपासण्या जाणार. नियम बनवताना मत नाही, पाळायचे मात्र सगळे. मेंढीवाल्याला हे चालेल, त्याला नाका हटलेला हवा. औषधांत मोकळीक हवी असलेल्या बीटवाल्याला ते नको. २०१६ चा वाद दुसऱ्या तोंडाने पुन्हा सुरू झालाय.

यात आपला संबंध काय?

१ मे २०१४ पासून युरोपने फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. लेस्टर आणि लंडनच्या दुकानांत हापूसला गिऱ्हाईक होतं, तिथल्या खासदारांनी आवाजही उठवला, पण संघात असल्याने ब्रिटनला एकट्याने बंदी उठवता आली नाही. ती उठली २०१५ च्या सुरुवातीला, ब्रसेल्सनेच उठवली तेव्हा. आता तो निर्णय ब्रिटनच्या हातात आहे.

द्राक्षवाल्यांना २०१० आठवत असेल. लिहोसीन या वाढरोधकातल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर गेले म्हणून युरोपात कंटेनर अडकले. तेव्हा रॉटरडॅम आणि लंडनला मर्यादा एकच होती. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या मर्यादा तिथली सरकारी यंत्रणा स्वतंत्रपणे ठरवते, तर उत्तर आयर्लंडला युरोपच्याच लागू आहेत. एकाच बागेतला माल दोन्हीकडे जाणार असेल, तर फवारणीचं वेळापत्रक दोन याद्यांपैकी कडक असेल तिच्यावर बेतावं लागतं. ब्रिटन-युरोप यांचा नवा करार झाला तर याद्या पुन्हा एक होतील आणि ब्रिटनने दरम्यान सैल ठेवलेली मर्यादा युरोपाइतकी आवळली जाईल. एखाद्या औषधाची ब्रिटिश मर्यादा सैल आहे म्हणून काढणीच्या जवळ फवारणी करायची सवय कुणी लावून घेऊ नये.

आणि साखर कारखान्यांनी या करारावर फार भिस्त ठेवू नये. भारताने दूध आणि सफरचंद बाहेर ठेवलं, तसं ब्रिटनने साखर, सडीक (पॉलिश केलेला) तांदूळ, कोंबडी आणि अंडी बाहेर ठेवली आहेत.